चार बोटं डिझेल

सोमवार, १२

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगायच्या, रोजनिशी लिहिताना देव आपल्या खांद्यावरून वाचतो आहे असं समजून लिहावं. वाचत असेल तर त्याने आधी खिडकीबाहेर बघावं, माझ्या अक्षराकडे नंतर. बाहेर नदी आली आहे. परवा धरणाचे दरवाजे उघडले आणि आमच्या पेट्रोलपंपाचं बेट झालं. पंप उंचवट्यावर आहे म्हणून वाचला. दोन्हीकडचा रस्ता पाण्याखाली, वीज नाही, फोन नाही, आणि आवारात अकरा ट्रक अडकलेले. अकरा ड्रायव्हर आणि एक न्हाणीघर. एवढं तरी त्याने नोंदवून घ्यावं.

मी पंपाच्या ऑफिसच्या वरच राहते. वय त्रेसष्ट. आमचे हे गेले त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून पंप मी चालवते. त्याआधी पस्तीस वर्षं हे चालवायचे आणि मी वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सूचना करायचे. ही खिडकी वर सरकवायची आहे आणि हात काढला की धाडकन खाली येते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिने माझी बोटं चेचली. दुसऱ्या दिवशी यांनी कुठूनसा पितळेचा जाड तुकडा आणून तिच्याखाली टेकू लावला. "भंगारात मिळाला," म्हणाले. दिसायला काच पुरते, पण बोलायला फट लागते. ती तेव्हा मिळाली, ती आजपर्यंत आहे. तुकड्यावर रेघा आहेत आणि एक ते आठ आकडे. केक किती फुगला ते मी त्यानेच मोजते.

दुपारी होडीतून अधिकारी आले. गळ्यात शिट्टी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले फॉर्म. डिझेल फक्त तिघांना द्यायचं: मदतीच्या होड्या, पाणीपुरवठ्याचे पंप आणि टेकडीवरचं हॉस्पिटल. हॉस्पिटल जनरेटरवर चाललं आहे. टँकर शुक्रवारी दुपारच्या आधी येणं शक्य नाही.

"तोपर्यंत पुरेल का, एवढंच सांगा. पुरणार नसेल तर रुग्ण आजच हलवायला घेतो. उद्या प्रवाह वाढला की होडीत स्ट्रेचर नेता येणार नाही."

टाकीतला साठा दाखवणारं भिंतीवरचं यंत्र भिजून बंद पडलंय. हे गेल्यावर घेतलेली, टाकीत सोडायची चांगली काठी शेडमध्ये होती, ती शेडसकट गेली. राहिली यांची रोजच्या वापरातली जुनी काठी, वरच्या दाराआड दोन खिळ्यांवर, यांच्या रेनकोटशेजारी. काम सोपं आहे. पितळेची काठी जमिनीखालच्या टाकीत तळाला टेकेपर्यंत सोडायची, वर काढायची, ओल कुठवर आली तो आकडा वाचायचा, आणि तक्त्यात बघून लिटर सांगायचे.

आमच्या मिस्तरींनी काठी बाहेर काढली आणि माझ्याकडे पाहिलं. मिस्तरी तीस वर्षं इथे आहेत आणि मशीनशी जास्त बोलतात, माणसांशी कमी.

"साहेबांसारखं वाचू की दिसतंय तसं?"

हे ओलीच्या खुणेवर चार बोटं आडवी ठेवायचे आणि त्यांच्या खालचा आकडा सांगायचे. रोज सकाळी. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "असू देत तेवढं." सगळं गाव म्हणायचं की हा माणूस चार बोटं डिझेल लपवून ठेवतो. मला शरम वाटायची. आणि वर त्याच चार बोटांनी मला खिडकीकडे खूण करायचे, म्हणजे चार मिनिटांत चहा. चहाच्या बाबतीत मी त्यांना कधी पाचवं मिनिट लागू दिलं नाही.

"दिसतंय तसं वाचा," मी म्हटलं. "हॉस्पिटलपासून काय लपवायचं?"

मिस्तरींनी आकडा वाचला. शुक्रवार दुपार गाठून वर दोन ड्रम उरतात. मी फॉर्मच्या तिन्ही प्रतींवर सही केली. अधिकाऱ्यांनी रुग्ण हलवायचं रद्द केलं आणि जाताना उगाचच शिट्टी वाजवली.

मंगळवार, १३

पंपाचं मशीन आमच्या छोट्या जनरेटरवर चालतं, म्हणजे डिझेल काढायला डिझेल जाळावं लागतं. संसारासारखंच आहे.

सकाळपासून होड्यांची रांग. कॅन घेतलेले लोक एकमेकांच्या अंगावर पडायला लागले तेव्हा माझ्यातली शाळा जागी झाली. "एक हात अंतर," मी ओरडले. "हात खांद्यावर, हात खाली." सगळ्यांनी केलं, बचाव पथकाच्या दांडग्या माणसांनीसुद्धा. सिस्टरांनी बघायला हवं होतं. त्यांच्या मते मी आयुष्यात काही करणार नव्हते.

फक्त एक ड्रायव्हर रांगेबाहेर उभा राहिला. त्याला सगळे मिशी म्हणतात. का, ते लांबूनही कळतं. त्याच्या ट्रकात गोठवलेल्या कोंबड्या आहेत आणि त्या गोठलेल्या राहण्यासाठी इंजिन चालू ठेवावं लागतं.

"मावशी, एक ड्रम द्या. माझ्या टाकीतलं जेमतेम परवापर्यंत पुरेल."

"यादीत कोंबड्या नाहीत."

"कोंबड्या गेल्या तर मालक मला कापेल."

"मग तुला यादीत घालू."

बाकीचे हसले. तो हसला नाही. म्हणाला, "तुमचे साहेब असते तर त्या चार बोटांतून दिलं असतं."

"तुला काय माहीत चार बोटांचं?"

"या रस्त्यावर सगळ्यांनाच माहीत आहे, मावशी."

मी वर येऊन खिडकीशी बसले आणि यांच्या रेनकोटाला दोन शब्द सुनावले.

संध्याकाळी हॉस्पिटलची होडी रिकामे ड्रम घेऊन आली, सोबत चिठ्ठी. माझी नणंद तिथे आहे. घरी तिचं ऑक्सिजनचं मशीन वीज गेल्यावर बंद पडलं आणि शेजाऱ्यांनी तिला खुर्चीसकट होडीत घातलं. यांची धाकटी बहीण, सत्तरीची. फुप्फुसं थकली आहेत. जिभेचं अजून काहीही झालेलं नाही.

"वहिनी, माझ्या नाकात नळी आहे आणि नळीला तुझ्या पंपाचा वास येतो. पाणी मिसळत नाहीस ना? शेजारच्या खाटेवरची बाई घोरते. तिच्यासाठी वेगळं, कमी प्रतीचं डिझेल पाठव."

मी मागच्या बाजूला लिहिलं, "वन्सं, कमी बोला. तेवढंच वाचेल."

मग उगाच होडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले.

बुधवार, १४

आज मी दानशूर झाले.

शाळेत तीनशे माणसं आसऱ्याला आहेत, त्यांच्या पाण्याच्या मोटारीला एक ड्रम. त्यांना पाव भाजून देणाऱ्या बेकरीला अर्धा. मग होडीतून एक तरुण सिस्टर आली, झगा गुडघ्यापर्यंत खोचलेला, पायात पुरुषी गमबूट. मठाच्या जनरेटरला डिझेल हवं होतं.

"कशासाठी?"

"प्रार्थनेच्या वेळी दिवे नाहीत."

दोन हजार वर्षं देवाला अंधारात ऐकू आलं ते आता का येत नाही, असं विचारणार होते. पण तिच्या हाताला खडू आणि कार्बोलिक साबणाचा वास होता. एकदम मला मधल्या सुट्टीतला लांब व्हरांडा आठवला, आणि माझ्या वेण्या घट्ट बांधणारी वॉर्डन. एक कॅन भरून दिला. तळघरात चाळीस म्हातारी माणसं ठेवली आहेत हे ती जाताना म्हणाली. आधी सांगायचं नाही का, असं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही प्रार्थनेला देता का ते बघत होते." सिस्टर लोक अजून तशाच आहेत.

मिस्तरी प्रत्येक वेळी काठी सोडून बघतात आणि मान हलवतात.

"अहो, आकड्याप्रमाणे आहे ना?"

"आकड्याप्रमाणे आहे, बाईसाहेब."

"मग?"

"साहेब एवढ्यावर हात आखडायचे."

मी म्हटलं, साहेबांचा हात जन्मभर आखडलेलाच होता. हे मी सगळ्यांसमोर म्हटलं. चांगलं वाटलं. इथेही लिहून ठेवते: माझा नवरा प्रेमळ होता, पण मनाने चार बोटं कमी होता.

गुरुवार, १५

सकाळी नऊला मशीनने हवा ओढली. नोझल दोनदा खोकलं, फेस आला आणि थांबलं. हॉस्पिटलचा पहिलाच ड्रम पाव भरला होता.

मिस्तरींनी काठी सोडली. काठीप्रमाणे आत अजून पुष्कळ आहे, मशीनप्रमाणे काही नाही. हॉस्पिटलच्या होडीवाल्याने सांगितलं की त्यांच्याकडे दुपारी चारपर्यंतचं डिझेल आहे. त्यानंतर उद्या दुपारपर्यंत, वीस तास, काहीच नाही. आणि मधलं पाणी आता असं धावतंय की त्याने स्वतःच होडी दोनदा वळवून आणली. स्ट्रेचर नेण्याचा प्रश्नच नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, आजचे ड्रम नक्की आहेत ना. कारण मशीनवर सहाजण आहेत.

सहातली एक माझी आहे.

काठीचं म्हणणं मी कानाआड केलं. मला एकच सुचलं. चोरी. आणि चोर म्हणून एकच मिशी डोळ्यांसमोर आली. मी अकराही ड्रायव्हरांना ओळीत उभं केलं. टाकीतून डिझेल नळीने ओढलं की तोंडाला वास राहतोच.

"तोंड उघडा," मी म्हटलं.

"मावशी, अहो, काल कांदा खाल्लाय," दुसऱ्या नंबरचा म्हणाला.

"उघडा."

मी अकरा तोंडांचा वास घेतला. तंबाखू, कांदा, एक दुखरी दाढ. डिझेल कुणाच्याच तोंडाला नव्हतं. मिशी शेवटी होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि शांतपणे म्हणाला, "माझी आई असती तर आधी विचारलं असतं तिने."

तेवढ्यात मागून मिस्तरींनी हाक मारली. ते काठी आडवी धरून तिचं खालचं टोक अंगठ्याने घासत होते. टोक काळं पडलेलं, आकडे तेलकट घाणीने बुजलेले.

"बाईसाहेब, काठीला खाली पितळेची जाड टोपी असते. हिला नाही." त्यांनी आणखी घासलं. "हिचा पहिला आकडा नऊ आहे. कुणीतरी कापली आहे ही."

काठी खालून आठ रेघा तोकडी. म्हणजे ती सांगते त्यापेक्षा टाकीत कायम आठ रेघा कमी. चार बोटं कमी.

मी वर गेले. पाणी प्यायला जाते आहे असं सांगितलं असावं. खिडकीखालचा टेकू ओढून काढला, खिडकी धाडकन मिटली. तुकड्याच्या एका टोकाला जाड टोपी. एक ते आठ. मी केकमध्ये पस्तीस वर्षं टोपीचीच बाजू बुडवत आले.

त्यावर बोटं आडवी ठेवून पाहिली, मग जिन्यात बसले. फार वेळ नाही, तेवढा नव्हताच. पण पस्तीस वर्षं रोज सकाळी तो माणूस काठी वाचायचा, बोटं ठेवायचा, वर खिडकीकडे बघायचा आणि चार बोटं दाखवायचा. आणि मी चहा पाठवायचे. त्यांनी चहा मागितलाच नसावा. तरी एकदाही परत पाठवला नाही.

खाली आले तेव्हा सगळे तसेच ओळीत उभे होते, एक हात अंतर ठेवून. सिस्टर म्हणायच्या कबुली गुडघे टेकून द्यावी. माझे गुडघे टेकले तर उचलायला क्रेन लागेल, म्हणून उभ्यानेच दिली. म्हटलं, चोर कुणी नाही. माझ्या नवऱ्याने काठी कापली होती, तो तेवढं वजा करत होता. मला वाटलं लपवतो आहे, म्हणून मी ते वाटून टाकलं. हॉस्पिटलला मी शब्द दिला होता. माझ्या शब्दावर त्यांनी माणसं हलवली नाहीत. त्यात माझी नणंद आहे. तुमच्या तोंडांची मी माफी मागते.

मग कांदेवाला म्हणाला, "माझ्या टाकीत साठेक लिटर असेल."

"माझ्यात जास्त आहे," कुणीतरी म्हटलं.

मी मिशीकडे बघत नव्हते. तो आपल्या ट्रककडे गेला आणि कोंबड्यांसाठी चालू असलेलं इंजिन बंद केलं. पाच दिवस ते सतत घरघरत होतं. ते थांबल्यावर सगळं आवार बहिरं झाल्यासारखं वाटलं.

"तुझा मालक?" मी विचारलं.

"यादीत घालू म्हणालात ना."

"अरे, ते मी..."

"मावशी, नळी आणा. फक्त आता पुन्हा तोंडाचा वास घेऊ नका. आता येणार आहे."

अकरा टाक्यांतून पावणेतीन ड्रम निघाले. तळाशी मशीनला न पोचणारं जे राहतं ते मिस्तरींनी हातपंपाने उपसलं आणि गाळ काढायला माझी लग्नातली चांगली चादर मागितली. म्हणाले, कापड दाट विणीचं हवं. दिली. तिचं दुसरं काम कधीच संपलं होतं.

पावणेचारला होडी टेकडीला लागली. मी काचेतून बघत होते. मिटलेल्या खिडकीतून काही ओरडता आलं नाही.

संध्याकाळी अधिकारी आले. त्यांनाही सगळं सांगितलं. ते पिशवीतले फॉर्म चाळायला लागले. मग म्हणाले की मी सही केलेला आकडा खोटा ठरल्यामुळे तो दुरुस्त करायला नवा फॉर्म लागेल. तीन प्रतींत. भरला. जाताना त्यांनी मिस्तरींना विचारलं, "चार बोटं म्हणजे नक्की किती?" आणि आपली बोटं काठीला लावून पाहिली. शिट्टी वाजवली नाही.

कोंबड्या वितळायला लागल्या होत्या. अकरा ड्रायव्हरांनी त्या होडीतून नेऊन शाळेच्या पटांगणात शिजवल्या आणि तीनशे माणसं पोटभर जेवली. मिशीच्या मालकाला मी पत्र लिहिलंय, माझ्या शाळेतल्या सर्वांत चांगल्या अक्षरात. कोंबड्या माझ्यामुळे गेल्या, भरपाई माझ्याकडून घ्यावी, आणि या माणसाला कापलंत तर मी स्वतः येऊन तुमच्या तोंडाचा वास घेईन, असं सौम्य शब्दांत.

शुक्रवार, १६

रात्रीत पाणी ओसरायला लागलं. अकराला टेकडीवर वीज आली. बाराच्या होडीत वन्सं खुर्चीवर बसून आल्या, महाराणीसारख्या, नाकात नळी, मांडीवर छोटं सिलिंडर.

"जिवंत आहेस," त्यांनी मला सांगितलं.

"तुम्हीपण."

"कालचं डिझेल बरं होतं. आधीच्यापेक्षा दमदार. कुणाचं होतं?"

"अकरा जणांचं."

त्यांना वर आणून स्वयंपाकघरात बसवलं. टेबलावर तुकडा पडला होता. वन्संनी तो पाहिला, मग मिटलेली खिडकी पाहिली.

"म्हणजे कळलं तर," म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काठी मी धरली होती. करवत त्याची."

"आणि पस्तीस वर्षांत सांगावंसं वाटलं नाही?"

"त्याने शपथ घातली होती. म्हणाला, तिला कळलं की ती टेकू परत देईल. मी म्हटलं, देऊ दे, खिडकी मिटलेली राहील, जरा शांतता मिळेल तुला." त्यांना दम लागला, थांबल्या. "तर म्हणाला, नको."

"एवढंच?"

"तो कधी जास्त बोलला होता?"

मी चुलीपाशी काहीतरी करत राहिले. करण्यासारखं काही नव्हतं.

दीडला टँकर आला. त्याच्यामागे पाणी उतरलेला रस्ता, चिखलाचा, पण रस्ता. अकराही ट्रक भरून घ्यायला रांगेत लागले, सर्वांत आधी मिशी. टँकर टाकीत रिकामा झाला की किती भरलं ते मोजावं लागतं. मिस्तरींनी काठी आणली आणि म्हणाले, तुकडा द्या, डाग देऊन पुन्हा जोडून टाकतो, कायमचा प्रश्न मिटेल.

"नको," मी म्हटलं. "टेकू परत खिडकीखाली ठेवलाय."

काठी मीच सोडली, काढली, ओलीच्या खुणेवर चार बोटं आडवी ठेवली. माझी बोटं त्यांच्याहून बारीक आहेत. आठ रेघा भरायला अर्धा अंगठाही लागला. खालचा आकडा वाचून मिस्तरींना सांगितला, आणि मान आपोआप वर गेली. खिडकी आठ रेघा उघडी होती. मी चार बोटं दाखवली. कुणाला, ते देवाने वाचू नये.

फटीतून वन्संचा आवाज आला, "चहा हवाय का गं? की नुसतीच बोटं?"

चहा हवा होता.